बोथट टोकाची कात्री

ब्रिस्टलमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना मी दिवसातून वीस-पंचवीस वेळा एकच प्रश्न विचारते. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचे, तर या क्षणी आकडा कोणता? खांदा आखडलेल्या माणसाचा हात मी हळूहळू वर नेते, त्याच्या भुवया आक्रसतात, तो सहा म्हणतो, मी हात तिथेच धरून ठेवते आणि सांगते की तुम्ही म्हणाल त्या क्षणी सोडेन. वेदनेशी माझे नाते असे रोजचे, हिशेबी आणि पगारी आहे. त्यामुळे काही माणसांच्या उपासनेत वेदनेला जागा असते, आणि त्यांतल्याच काहींच्या प्रणयातही ती असते, हे एका मैत्रिणीने मला सांगितले तेव्हा दचकण्याचा अधिकार खरे तर मला नव्हता. तरीही मी दचकले.

ही मैत्रीण ग्रंथपाल आहे आणि तिने वीस वर्षांपूर्वी विक्का या पेगन पंथाची दीक्षा घेतलेली आहे. पेगन हा शब्द इंग्लंडमध्ये आज बऱ्याच गोष्टींना लावला जातो, पण साधारणपणे ख्रिस्तपूर्व युरोपातल्या देवदेवतांना, ऋतुचक्राला आणि मातीला पुन्हा पूज्य मानू पाहणारी ही माणसे. तिच्या या बाजूची मला सवय होती. ३१ ऑक्टोबरच्या रात्री ती घरातल्या मृतांसाठी एक ताट वाढून ठेवते, आणि भाद्रपदात कावळ्याची वाट पाहत वाढलेल्या माझ्यासारखीला त्यात परके काही वाटत नाही. दुसरी बाजू तिने पुष्कळ वर्षांनी सांगितली. ती आणि तिचा नवरा बीडीएसएम नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्तुळातही आहेत, म्हणजे प्रौढ माणसांनी आधी आपसांत ठरवून केलेले बांधणे, शिस्त लावणे, एकाने सत्ता हाती घेणे आणि दुसऱ्याने ती सोपवणे, वेदना देणे आणि घेणे. या मंडळींच्या पबमधल्या साध्या गप्पांच्या भेटीला ‘मंच’ म्हणतात, हे ऐकून माझ्या डोळ्यांसमोर हारतुरे आणि अध्यक्षीय भाषण उभे राहिले आणि माझे हसू फुटले, त्यामुळे तो अवघड क्षण निभावला. मग तिने शांतपणे सांगितले की या दोन गोष्टी तिच्यासाठी वेगळ्या काढता येत नाहीत. दीक्षेच्या वेळी तिचे हात बांधलेले होते, डोळ्यांवर पट्टी होती आणि पाठीवर चाबूक पडला होता. तिने ते लग्नाच्या बऱ्याच आधी, देवीसमोर अनुभवले होते.

चाबूक म्हटल्यावर मी ब्रिस्टलहून थेट वाईला गेले. आमच्या आळीत पोतराज येई. उघडे अंग, कमरेला रंगीबेरंगी खणांचा घोळदार घागरा, मोकळे सोडलेले केस, कपाळभर हळदकुंकू, पायांत घुंगरू. बरोबरच्या बाईच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा असे आणि काठी घासून वाजवायच्या ढोलाचा गुबुगुबु आवाज वळणापलीकडूनच ऐकू येई. ‘दार उघड बया, दार उघड’ अशी हाळी देऊन तो आसूड हवेत फिरवी आणि स्वतःच्या अंगावर ओढी. आजी सुपात जोंधळे घेऊन पायरीवर येई आणि हात जोडी. वडील शाळामास्तर होते आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ओढलेले. ते आत जाऊन खोलीचे दार लावून घेत. एकदा मी त्यांना विचारले की तुम्ही बाहेर का येत नाही, तेव्हा ते म्हणाले, “मूल होऊ दे, पहिला देईन, असा नवस त्याच्या आईबापांनी केला म्हणून तो पोतराज झाला. त्याला कुणी विचारलं होतं का?”

वडिलांचा तो प्रश्न माझ्या कामातल्या प्रश्नाच्या शेजारी जाऊन बसला आहे, आणि पुढे मी जे काही वाचले, पाहिले आणि मैत्रिणीशी भांडले, ते या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेतून.

आधुनिक विक्काचा इतिहास फार जुना नाही. जेराल्ड गार्डनर हा १८८४ साली जन्मलेला इंग्रज गृहस्थ, लहानपणापासून दम्याने बेजार, तरुणपणी सिलोन, बोर्निओ आणि मलायात रबराच्या मळ्यांवर आणि नंतर जकात खात्यात नोकरी करून १९३६ मध्ये निवृत्त झाला. न्यू फॉरेस्टच्या जंगलाजवळ राहायला आल्यावर १९३९ साली तिथल्या चेटकिणींच्या एका गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असे त्याचे म्हणणे होते. अशा मंडळाला कव्हन म्हणतात. १७३५ चा चेटूकविरोधी कायदा इंग्लंडमध्ये १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरने आपल्या पंथाची जाहीर ओळख करून देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्याआधी, १९४९ साली, त्याने टोपणनावाने एक कादंबरी लिहिली होती आणि तिच्यात दीक्षाविधी बराचसा उघड केला होता. कॉर्नवॉलमधल्या बॉसकॅसल या बंदराच्या गावी चेटुकाचे एक संग्रहालय आहे. त्याचा संस्थापक सेसिल विल्यमसन याने आधी १९५१ मध्ये आइल ऑफ मॅनवर असेच संग्रहालय काढले होते, तिथे गार्डनर त्याच्या जोडीला होता आणि १९५४ मध्ये ती जागा त्याने विकतही घेतली. मैत्रिणीबरोबर मी बॉसकॅसलला गेले ती पावसाळी, रिकामी दुपार होती. विधीच्या वस्तूंपाशी आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. दोर, सुऱ्या आणि चाबूक पाहताना माझ्या मनात एवढेच येत होते की हे सगळे किती घरगुती आहे. पोतराजाच्या आसुडाच्या मानाने तो चाबूक म्हणजे मोरचेल.

विधी असा. ज्याला प्रवेश हवा तो वर्तुळाच्या कडेवर उभा राहतो. हात पाठीमागे दोराने बांधलेले, दोराचे टोक गळ्याभोवती, डोळ्यांवर पट्टी, आणि एका घोट्याला बांधलेली दोरी अशी की पाय ना पुरता बांधलेला ना पुरता मोकळा. छातीला पात्याचे टोक लावून त्याला बजावले जाते की मनात भय ठेवून पुढे येणार असशील तर त्यापेक्षा या पात्यावर पडून मेलेले बरे. त्यावर त्याने द्यायचे उत्तर म्हणजे परवलीचे शब्द, ‘परिपूर्ण प्रेम आणि परिपूर्ण विश्वास’. आत घेतल्यावर दीक्षा देणारा स्वतः त्याच्यासमोर गुडघे टेकतो आणि पायांपासून सुरुवात करून पाच ठिकाणी त्याचे चुंबन घेतो. इतर धर्मांत इच्छुक गुडघे टेकतो आणि पुरोहित वर उभा राहतो, आमच्याकडे आम्ही गुडघे टेकून स्वागत करतो, असे त्या वेळी म्हटले जाते. मग शिकण्यासाठी दुःख सोसायची तयारी आहे का, असे विचारले जाते. होकार आल्यावर तीन, सात, नऊ आणि एकवीस असे चाळीस हलके फटके मोजून दिले जातात. दुसऱ्या पायरीच्या दीक्षेत नवा माणूस तेच फटके तिपटीने परत करतो, आणि एकशे वीस खाऊन घेणे ही दीक्षा देणाऱ्याची जबाबदारी असते.

बीडीएसएमची ज्यांना ओळख आहे ते हे वर्णन ऐकून गालात हसतात, कारण जवळजवळ सगळी सामग्री सारखीच आहे, बांधणे, डोळे झाकणे, गुडघे टेकणे, मोजून मारणे, आणि सुरुवातीचा तो स्पष्ट प्रश्न. गार्डनरला स्वतःला चाबकाची आवड होती आणि तिच्याभोवती त्याने धर्म रचला, असा आरोप त्याच्यावर पुष्कळदा झाला आहे. उलट बाजूने सांगितले जाते की तो फ्रीमेसन या गुप्त बंधुमंडळाचा सदस्य होता आणि डोळ्यांवरची पट्टी, गळ्यातला दोर, छातीला लावलेले टोक या गोष्टी त्या मंडळींच्या दीक्षेत आधीपासून होत्या. शिवाय दम्याच्या रोग्याला नाचून धुंदी आणता येत नाही, म्हणून त्याने मंद, एकसुरी फटक्यांचा मार्ग धरला. त्याच्या हस्तलिखितांत फटके हलके, सावकाश आणि एका लयीत द्यावेत अशी सूचना आहे आणि त्यामागे रक्त डोक्याकडून दुसरीकडे वळवण्याचा विचार मांडला आहे. ते शरीरशास्त्र मला फारसे पटत नाही, पण लयीचे निरीक्षण अचूक आहे. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी या सगळ्याचा धांडोळा घेतला आणि विक्का हा विसाव्या शतकातल्या इंग्लंडने जगाला दिलेला नवा धर्म आहे असे मांडले. आम्ही प्राचीन आहोत हा दावा त्यानंतर बहुतेक समंजस विक्कन सोडून देतात. माझ्या मैत्रिणीने तर तो हसत सोडला. गार्डनरच्या आवडीबद्दल तिचे म्हणणे असे की ती असेलही, पण माणसाच्या इच्छेतून देव सुचणे हे तिच्या धर्मात लाजिरवाणे मानत नाहीत. गार्डनरची शिष्या डोरीन व्हॅलिएन्टे हिने पंथाच्या मुख्य गद्याला आज प्रचलित असलेले रूप दिले, आणि त्यात देवी सांगते की प्रेमाची आणि आनंदाची सर्व कृत्ये हे माझेच विधी आहेत. ज्या धर्माने हे वाक्य मध्यभागी ठेवले त्याला शय्येशी फारकत घेण्याचे कारण उरत नाही.

प्राचीनतेचा दावा सोडला तरी प्राचीन उदाहरणे मागे लागतातच. पॉम्पेईच्या गूढविधींच्या वाड्यात, जो इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेला आणि १९०९ पासून उकरला गेला, एका भिंतीवर पंख असलेली एक आकृती चाबूक उगारून उभी आहे आणि शेजारच्या भिंतीवर एक स्त्री पाठ उघडी टाकून दुसरीच्या मांडीत तोंड लपवते आहे. गार्डनरला या चित्रांत आपलाच पंथ दिसला. रोममध्ये १५ फेब्रुवारीला लुपर्कालियाच्या सणात तरुण बोकडाच्या कातड्याच्या वाद्या घेऊन धावत आणि मूल हवे असलेल्या स्त्रिया तो फटका बसावा म्हणून आपण होऊन हात पुढे करीत. स्पार्टामधली गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे आर्टेमिस ऑर्थियाच्या वेदीपाशी मुलांना फटके मारले जात. दुसऱ्या शतकातला प्रवासी पौसानियस लिहितो की पुजारीण देवीची छोटी लाकडी मूर्ती हातात धरून उभी असे, आणि मारणाऱ्याने मुलाच्या रूपाकडे किंवा घराण्याकडे पाहून हात आखडला तर ती मूर्ती इतकी जड होई की पुजारणीला पेलत नसे. मग ती मारणाऱ्याला दोष देई. पुढे तिसऱ्या शतकात हे पाहायला येणाऱ्यांसाठी तिथे प्रेक्षागृह बांधले गेले. आजचे जे लोक वेदनेच्या वाटेला प्राचीन पेगन वारसा म्हणतात त्यांना मी या मूर्तीची आठवण करून देते. रोमच्या बाईने हात पुढे केला होता, स्पार्टाच्या पोराला कुणी विचारले नव्हते, आणि देवीने तर जड होऊन अजून हवे असे सांगितले होते.

मैत्रीण यावर नेहमी प्राचीन सुमेरमधल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, इनान्ना देवीची कथा काढते, आणि मला कबूल केले पाहिजे की या सगळ्या वादात मला सर्वांत जास्त काही दिले असेल तर या कथेने. स्वर्गाची राणी इनान्ना पाताळात जायला निघते, जिथे तिची बहीण एरेश्किगाल राज्य करते. वाटेत सात दरवाजे आहेत आणि प्रत्येक दरवाज्यावर तिच्या अंगावरची एक वस्तू काढून घेतली जाते, मुकुट, मण्यांची माळ, कंकण, अखेरीस वस्त्र. प्रत्येक वेळी ती विचारते, हे काय? आणि प्रत्येक वेळी द्वारपाल नेती उत्तर देतो की गप्प राहा, पाताळाचे नियम परिपूर्ण आहेत, त्यांच्याविरुद्ध तोंड उघडू नये. उघडी, वाकलेली अशी ती बहिणीपुढे पोहोचते, मारली जाते आणि तिचे कलेवर खुंटीला टांगले जाते. वेदनेला साधना मानणारे पेगन या सात दरवाज्यांना फार जवळ करतात. आपल्यावरचे एकेक आवरण काढून घेऊ देणे, शेवटी हातात काहीच न उरणे आणि मग परत येणे, हा अनुभव त्यांना दोराने आणि चाबकाने घडवून आणायचा असतो, आणि त्याला ते ‘ऑर्डील’ म्हणतात. आपल्याकडे त्याला अग्निदिव्य म्हणता येईल, फक्त सीतेकडे ते दुसऱ्यांनी मागितले होते.

कथा पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी नेतीच्या उत्तरापाशीच अडकले. तोंड उघडू नकोस म्हणणारा दरवाजा मला कुठल्याही परिस्थितीत पवित्र वाटू शकत नाही. मैत्रीण म्हणाली, तू कथेची सुरुवात ऐकली नाहीस. इनान्ना निघण्यापूर्वी आपल्या सखीला, निन्शुबुरला, सगळे समजावून ठेवते. मी परत आले नाही तर आक्रोश कर, ढोल वाजव, आधी एन्लिलकडे जा, त्याने ऐकले नाही तर नन्नाकडे जा, त्यानेही ऐकले नाही तर एन्कीकडे जा. तीन दिवस आणि तीन रात्री उलटतात, निन्शुबुर सांगितल्याप्रमाणे करते, पहिले दोघे देव हात झटकतात, आणि एन्की नखातल्या मळापासून दोन जीव घडवून पाठवतो. ते पाताळात जाऊन कण्हणाऱ्या एरेश्किगालच्या शेजारी बसतात आणि ती कण्हली की तेही तिच्याबरोबर कण्हतात. तिच्या दुःखाला साथ मिळते म्हणून ती वर देते आणि ते कलेवर मागून घेतात. एखाद्या नव्या माणसाला पहिल्यांदा भेटायला जाताना बीडीएसएममधली माणसे एखाद्या मित्राला सांगून ठेवतात की अमुक वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर हालचाल कर. त्याला ती ‘सेफ कॉल’ म्हणतात. मातीच्या विटांवर कोरलेल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या सुमेरियन काव्यात तो जसाच्या तसा आहे हे ऐकून मी त्या दिवशी वाद थांबवला.

इथे दुसऱ्या वर्तुळाने पहिल्याला काय दिले ते दिसते. बीडीएसएमचे आजचे शिष्टाचार देवळात किंवा जंगलात तयार झाले नाहीत. ते १९७० नंतरच्या अमेरिकन शहरांत, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९७४ साली निघालेल्या सोसायटी ऑफ जेनससारख्या मंडळांत, समलिंगी पुरुषांच्या लेदर क्लबांत आणि लेस्बियन स्त्रियांच्या गटांत घडले. सुरक्षित, शहाणपणाचे आणि संमतीने, हे तीन शब्द १९८३ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एका गटाने एकत्र आणले. सुरुवातीलाच बसून ठरवायचे की काय चालेल, काय अजिबात चालणार नाही, कुठला गुडघा दुखतो, कुठली आठवण नको. एक शब्द ठरवायचा, ज्याला ‘सेफवर्ड’ म्हणतात, आणि पुष्कळ जण सिग्नलचे रंग वापरतात, लाल म्हटले की सगळे त्या क्षणी थांबते. थांबवणाऱ्याने कारण द्यायचे नसते. नंतर पांघरूण, पाणी, काहीतरी गोड, शेजारी बसून राहणे, याला ‘आफ्टरकेअर’ म्हणतात. विक्कामध्येही विधी संपल्यावर केक आणि वाइन वाटतात, म्हणजे माणूस पुन्हा जमिनीवर येतो. पोटात काही गेल्याशिवाय देहभान परतत नाही, हे प्रसाद वाटणाऱ्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

माझ्या धंद्यात मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेला सिद्धांत शिकवला जातो, की वेदनेच्या संदेशाला मज्जारज्जूत एक फाटक असते आणि स्पर्श, अपेक्षा, लक्ष आणि भीती या सगळ्यांनी ते उघडझाप करते. तोच फटका कुणी, कुठे आणि कशासाठी दिला यावर त्याची वेदना ठरते. अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी बीडीएसएमच्या लोकांमध्ये होणाऱ्या ‘डान्स ऑफ सोल्स’ या एकशे साठ जणांच्या विधीचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यात त्वचेला तात्पुरती छिद्रे पाडून वजने किंवा आकडे अडकवतात आणि ढोलांच्या तालावर नाचतात. सहभागी लोकांच्या शरीरातले ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल विधीच्या वेळी वाढले होते, आणि त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार मनावरचा ताण मात्र उतरला होता. त्यांनी दिलेल्या कारणांत अध्यात्म होते आणि एकमेकांशी जोडले जाणेही होते. बगाडाच्या गावाजवळ वाढलेल्या माणसाला या निष्कर्षात नवे काही नाही, पण छापून आल्याचे समाधान असते.

बगाड म्हणजे वाईजवळच्या बावधनचे. रंगपंचमीला भैरवनाथाच्या नावाने बैलांनी ओढलेला अवाढव्य लाकडी गाडा निघतो आणि त्याच्या उंच खांबावर नवस असलेला माणूस, बगाड्या, बांधलेला असतो. पूर्वी पाठीत गळ टोचून टांगत, असे आजी सांगे. आता दोराने बांधतात. या विषयाचा महाराष्ट्राशी खरा धागा इथे जुळतो, आणि तो सरळ नाही. दक्षिण डाकोटात १९३० साली जन्मलेला आणि २०१८ मध्ये वारलेला रोलंड लूमिस, जो फकीर मुसाफर या नावाने जगाला ठाऊक झाला, त्याने तामिळ भक्तांची कावडी, म्हणजे अंगात भाले टोचून वाहायची चौकट, आणि अमेरिकन मूलनिवासींचे छातीत आकडे घालून केले जाणारे सूर्यनृत्य या दोन्ही गोष्टी स्वतःच्या शरीरावर करून पाहिल्या आणि ‘आधुनिक आदिम’ अशी एक चळवळच उभी केली. पेगन आणि बीडीएसएम यांच्या मधल्या पट्ट्यात आज जे आकडे आणि टांगून घेणे दिसते त्यातले पुष्कळसे त्याच्याकडून आलेले आहे. त्या मूलनिवासींपैकी लाकोटा लोकांनी १९९३ मध्ये आपल्या अध्यात्माची लूट करणाऱ्यांविरुद्ध युद्धच पुकारल्याची घोषणा केली. मला त्यांचा राग समजतो. मुसाफरच्या छायाचित्रातली भाल्यांची चौकट पाहताना माझ्या मनात पहिल्यांदा आले ते असे की याने हे स्वतः निवडले, आणि म्हणून ते त्याला शोभून दिसते.

कारण आपल्याकडे पाठ कुणाची हे बहुधा आधीच ठरलेले असे. आसूड ओढणारा पोतराज दलित वस्तीतून येई, आणि सुपातले जोंधळे वरच्या आळीतून. साऱ्या गावावरचा कोप तो एकटा आपल्या अंगावर घेई, आणि गाव पायरीवरून हात जोडी. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने अशा असंख्य घरांना हा वारसा नाकारायचे बळ दिले. केस कापणे आणि आसूड टाकून देणे हा त्या घरांचा ‘लाल’ होता, आणि तो म्हणायला त्यांना पिढ्या लागल्या. बावधनला बगाड्या निवडताना नवस करणाऱ्यांमधून देवाला कौल लावतात. विचारायचे ते देवाला, याची मला मौज वाटते. निदान तिथे नवस करणारा आपण होऊन पुढे आलेला असतो. नवस हाही एक करारच, पण त्यात एकच पक्ष बोलतो आणि फेडताना मधेच थांबण्याची सोय नसते. मैत्रिणीच्या वर्तुळात जर काही खरोखर नवे असेल तर ते हे, की तिथे देव साक्षीला बसलेला असतानाही माणसाला थांबता येते. हे तिला सांगितल्यावर ती खूश होईल असे मला वाटले होते, पण ती जरा गप्प झाली.

कारण तिथेच अडचण आहे आणि ती तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अंगात आल्यावर कोण बोलते? विक्कामध्ये पुजारणीच्या अंगात देवीला बोलावण्याचा विधी असतो, आणि बीडीएसएममध्ये खूप खोल गेलेल्या माणसाची वाचाच जाते, त्या अवस्थेला ते ‘सबस्पेस’ म्हणतात. लाल म्हणायला जो शुद्धीवर हवा, तोच हरवावा म्हणून तर हे सगळे चाललेले असते. त्यात मारणाऱ्याच्या हातात देवाचे नाव आले की स्पार्टाची मूर्ती पुन्हा जड होऊ लागते. तुझ्या अहंकारामुळे तू थांबवतेस, देवीला तुझ्याकडून अजून हवे आहे, असे म्हणणारा गुरू कुठल्याही देशात निघू शकतो. गार्डनरच्या परंपरेत दीक्षेच्या वेळी माणसाच्या उंचीचे माप दोऱ्याने घेऊन तो दोरा कव्हनपाशी ठेवला जातो, जणू त्याची एक नाडी त्यांच्या हातात. काही मंडळी तो लगेच परत देतात. मैत्रिणीच्या कव्हनने परत द्यायची रीत घातली, त्यावरून तिथे वर्षभर धुसफुस होती.

कायदाही या दोन वर्तुळांकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो. मार्च १९९३ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, जे तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायालयही होते, तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की लैंगिक सुखासाठी केलेल्या इजेला समोरच्याची संमती हा बचाव होऊ शकत नाही. त्याच निकालात धार्मिक सुंता, गोंदणे, कान टोचणे आणि मुष्टियुद्धही कायदेशीर असल्याचे म्हटले आहे. म्हणजे तेच दोन हात, तोच दोर, आणि धर्म म्हटले तर एक न्याय, प्रणय म्हटले तर दुसरा. आणि ज्या माणसांना या दोहोंत फरकच करता येत नाही त्यांनी न्यायाधीशाला काय सांगावे? तरी २०२१ च्या कौटुंबिक अत्याचारविरोधी कायद्यात हेच तत्त्व पुन्हा लिहिले गेले तेव्हा मी मैत्रिणीच्या बाजूने नव्हते. मेलेल्या बाईने संमती दिली होती असे सांगणारे पुरुष न्यायालयांत उभे राहिले होते, आणि त्या बायकांसाठी कुणी निन्शुबुर बाहेर थांबलेली नव्हती.

मैत्रिणीच्या कव्हनमध्ये आता एक जण नेहमी शुद्धीवर असतो. तो वर्तुळाच्या कडेला उभा राहतो, वाइन पीत नाही, डोळे मिटत नाही, आणि त्याने हात वर केला तर देवी अंगात असली तरी विधी थांबतो. ही रीत गार्डनरच्या कुठल्याही वहीत नाही. तिने ती दुसऱ्या वर्तुळातून उचलली, तिथे पार्टीत असे पहारेकरी असतात. त्या कडेला उभ्या माणसासाठीच तिने एकदा माझ्याकडे पट्टी कापायची कात्री मागितली. आम्ही वापरतो ती, खालच्या पात्याचे टोक बोथट आणि चपटे असलेली, म्हणजे घट्ट गुंडाळी आणि कातडी यांच्या मधून सरकते आणि कापायचे तेवढेच कापते. पंथाची काळ्या मुठीची सुरी, अथेम, रूढीने प्रत्यक्ष काहीच कापत नाही. पांढऱ्या मुठीची कापते, पण घाईत तिच्या टोकाची भीती.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. एक वर्ष आणि एक दिवस थांबलेल्या एका नव्या बाईची दीक्षा त्या शनिवारी होती आणि कात्रीचा स्क्रू ढिला झाला होता. मी नवी घेऊन गेले. स्वयंपाकघरातल्या कपाटावरच तिने देव मांडलेले आहेत, एक पेला, मीठ, दोन सुऱ्या, गुंडाळून ठेवलेले तीन दोर. तिने जुन्या दोराचा एक तुकडा स्वतःच्या मनगटाभोवती घट्ट बांधून माझ्यापुढे हात केला. मी सवयीने विचारले, किती? ती म्हणाली, दोन. मी कात्री आत सरकवली आणि दोर कापला. तिने तुकडे उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकले, कात्री पेल्याच्या डाव्या बाजूला ठेवली आणि म्हणाली की पावती दे, पैसे कव्हनच्या खात्यातून द्यायचे आहेत.